गोठा, रुग्णालय आणि ग्रंथपालांची परिषद

२०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेतील बॉस्टन शहरात आरोग्यक्षेत्रातल्या ग्रंथपालांचे चार मेळावे एकत्र भरले. मुख्य मेळावा मेडिकल लायब्ररी असोसिएशनच्या वार्षिक अधिवेशनाचा. त्याला जोडून वैद्यकीय ग्रंथपालनाची अकरावी आंतरराष्ट्रीय काँग्रेस, पशुआरोग्य माहितीतज्ज्ञांची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद आणि क्लिनिकल ग्रंथपालांची सहावी परिषद झाली. अधिवेशनाचे सूत्र ‘वन हेल्थ’ हे होते. माणूस, प्राणी आणि परिसर यांचे आरोग्य एकमेकांत गुंतलेले आहे, म्हणून त्याविषयीचे ज्ञानही वेगवेगळ्या कपाटांत कोंडून ठेवता येत नाही, असा त्याचा अर्थ. गुरांच्या डॉक्टरांना लेख शोधून देणारे आणि माणसांच्या डॉक्टरांना लेख शोधून देणारे असे दोन्ही ग्रंथपाल त्या आठवड्यात एकाच कार्यक्रमपत्रिकेवर होते.

वैद्यकीय ग्रंथपालनाची आंतरराष्ट्रीय काँग्रेस दरवर्षी भरत नाही. पहिली १९५३ मध्ये लंडनला झाली. पुढची वॉशिंग्टनला १९६३ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. मग ॲमस्टरडॅम, बेलग्रेड, टोकियो, नवी दिल्ली, पुन्हा वॉशिंग्टन, पुन्हा लंडन, ब्राझीलमधले साल्वादोर, ऑस्ट्रेलियातले ब्रिस्बेन, बॉस्टन, आणि २०१७ मध्ये डब्लिन. युरोपातल्या आरोग्य-ग्रंथपालांची संघटना १९८७ मध्ये स्थापन झाली. तिच्या परिषदा आणि कार्यशाळा मात्र नियमित होतात आणि तिच्यात पशुवैद्यक ग्रंथालयांचा स्वतंत्र गट आहे. एका ग्रंथपालाच्या नोकरीच्या काळात अशी मोठी काँग्रेस जेमतेम सहा-सात वेळा भरते, आणि त्यांतली एखादीच आवाक्यातल्या शहरात असते.

अशा परिषदेला महाराष्ट्रातल्या ग्रंथपालाने जावे का, यावर या व्यवसायात दोन तट आहेत. ते येथे दोन काल्पनिक व्यक्तींच्या तोंडी दिले आहेत. एक आहेत वैद्यकीय महाविद्यालयाच्या अनुभवी ग्रंथपाल. परदेशातल्या परिषदांवर त्यांचा फारसा विश्वास नाही. दुसरे पशुवैद्यक महाविद्यालयाचे ग्रंथपाल, वयाने बरेच लहान आणि जाण्याच्या बाजूचे. महाविद्यालयांच्या रिवाजाप्रमाणे ते त्यांना ‘मॅडम’ म्हणतात आणि त्या त्यांना ‘सर’.

आक्षेपाची सुरुवात पैशापासून होते, आणि ते रास्तच आहे. “सर, माझ्याकडे परिचराच्या जागा रिकाम्या आहेत,” मॅडम म्हणतात. “परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष रात्रभर उघडा ठेवा, असं विद्यार्थी म्हणतात, आणि मी माणूस कुठून आणू? अशा वेळी एकाचं विमानाचं तिकीट, व्हिसा, नोंदणी आणि हॉटेल यांवर लाखांनी खर्च करायचा! तो पैसा कुठल्या तरी पुस्तकातून वजा होतो.”

“होतो, हे मान्य आहे,” असे सरांचे उत्तर. “पण तुमच्या आणि माझ्या स्थितीत फरक आहे, मॅडम. तुम्हाला एखादा लेख सापडला नाही, तर मुंबईत, पुण्यात फोन करायला दहा ग्रंथपाल आहेत. पशुवैद्यक महाविद्यालयं राज्यभर विखुरलेली. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ. प्रत्येक ठिकाणी आमच्या कामाचा फार तर एक माणूस. गाईच्या क्षयरोगावर शोध कसा लावायचा, हे मी कोणाशी बोलू?”

हे एकाकीपण महाराष्ट्रापुरते नाही. पशुवैद्यक महाविद्यालये सगळ्याच देशांत थोडी असतात, आणि त्यांची ग्रंथालये लहान. अमेरिकेत या ग्रंथपालांनी स्वतःची वेगळी राष्ट्रीय संघटना उभी करण्याऐवजी मेडिकल लायब्ररी असोसिएशनमध्ये आपला विभाग काढला. युरोपातही तसेच झाले. मोठ्या वाड्यात एका खोलीचे बिऱ्हाड करावे, तशी ही सोय. तिच्यामुळे एक लाभ आपोआप झाला. वैद्यकीय ग्रंथपालांच्या अधिवेशनात पशुवैद्यकवाले कायम हजर राहू लागले आणि दोन्ही शास्त्रांचे साहित्य कुठे जुळते व कुठे तुटते, हे दोघांनाही दिसू लागले.

ते कुठे तुटते, हे समजून घेतल्याशिवाय परिषदेचे मोल ठरवता येत नाही. मानवी वैद्यकाची सूची करण्याचे काम अमेरिकी लष्कराच्या शल्यचिकित्सक कार्यालयाच्या ग्रंथालयात जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुरू केले. १८७९ पासून निघू लागलेले ‘इंडेक्स मेडिकस’ हे त्याचे फळ. त्याच ग्रंथालयाचे पुढे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन झाले, सूची संगणकावर गेली, १९७१ मध्ये मेडलाइन आली, आणि १९९७ पासून पबमेडद्वारे ती सगळ्या जगाला फुकट खुली झाली. पशुवैद्यकाचा प्रवास दुसऱ्या वाटेने झाला. ते साहित्य मुख्यतः शेतीच्या घरात राहिले. ब्रिटनच्या कॉमनवेल्थ कृषी संस्थांनी ‘व्हेटरनरी बुलेटिन’ आणि ‘इंडेक्स व्हेटरिनेरियस’ काढले आणि त्यांतूनच कॅब ॲबस्ट्रॅक्ट्स हा डेटाबेस वाढला. त्याला वर्गणी भरावी लागते. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये नऊ डेटाबेसची तुलना केली. पशुवैद्यकाची सुमारे नव्वद टक्के नियतकालिके एकट्या कॅब ॲबस्ट्रॅक्ट्समध्ये सापडली; बाकीचा एकही डेटाबेस त्याच्या जवळपास नव्हता.

परिणाम असा की, जे फुकट मिळते त्यात प्राण्यांचे आजार अर्धवट, आणि जे पुरेसे आहे ते पैसे मोजून. वैद्यकीय संशोधक पबमेडवर थांबतो, आणि आपल्याला सगळे मिळाले असे समजतो. त्यात भर म्हणून शोध घेताना ‘फक्त माणसे’ अशी चाळणी लावण्याची सवय असते. ज्या लेखाला अजून तो टॅग लागलेला नाही, तो अशा चाळणीत गळतो. प्राण्यांवरचा तर मुद्दाम गाळला जातो.

मॅडमना हे ठाऊक आहे, पण त्यांचा प्रश्न सरळ आहे. “चाळणी लावू नका, हे सांगायला बॉस्टनला जायला लागतं का?”

सर त्यावर २००१ ची घटना सांगतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरच्या एका प्रयोगात चोवीस वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेला हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे दिले गेले. तिची फुप्फुसे निकामी झाली आणि जूनमध्ये ती मरण पावली. प्रयोग करणाऱ्याने आधी साहित्य शोधले होते. पण पबमेडमधल्या नोंदी तेव्हा १९६६ पासूनच्या होत्या, आणि या औषधाने फुप्फुसांना इजा होते असे सांगणारे लेख १९५० च्या दशकातले, छापील खंडांत होते. जुलैत अमेरिकी सरकारने तिथले संघीय निधीवरचे मानवी प्रयोग काही दिवस थांबवले. “संशोधकाला शोधता येतं, पण कुठे थांबू नये हे ग्रंथपालाला कळतं,” सर म्हणतात. “आणि ते कळणं पुस्तकातून येत नाही. ज्यांनी असा घोळ जवळून पाहिला, त्यांच्या शेजारी बसून येतं.”

“शेजारी बसणं” या शब्दांवर मॅडम लगेच बोट ठेवतात. हॉपकिन्सची हकीकत जगाने वर्तमानपत्रांतून आणि नियतकालिकांतून वाचली, परिषदेत जाऊन नाही. हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. एखादी ठळक चूक शिकायला प्रवास लागत नाही. प्रवासाची बाजू मांडणाऱ्यांनी अशी उदाहरणे देण्याऐवजी, जे छापले जात नाही ते दाखवले पाहिजे.

तरी सर दुसरे उदाहरण देतात: दोन्ही शास्त्रे एकमेकांकडे न पाहिल्याने काय होते, हे दाखवणारे १९९९ चे न्यूयॉर्क. उन्हाळ्यात शहरात कावळे मरून पडू लागले. ऑगस्टअखेर क्वीन्स भागातल्या एका रुग्णालयात मेंदूज्वराचे रुग्ण दिसले, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला निदान जाहीर झाले: सेंट लुइस मेंदूज्वर. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या पशुविकृतीतज्ज्ञ ट्रेसी मॅकनामारा यांना ते पटेना. सेंट लुइसचा विषाणू पक्ष्यांत असतो, पण सहसा त्यांना मारत नाही. इथे तर संग्रहालयातले फ्लेमिंगोही मरत होते. घोड्यांच्या पूर्वेकडच्या मेंदूज्वराचा संशय घ्यावा, तर इमू आधी मेले असते, आणि ते ठणठणीत होते. माणसांचे आणि पक्ष्यांचे आजार एकच असावेत, हे त्यांचे म्हणणे आधी फारसे कोणी ऐकले नाही. सप्टेंबर संपताना कळले की तो वेस्ट नाईल विषाणू होता, आणि पश्चिम गोलार्धात तो प्रथमच आढळला होता.

“यात ग्रंथालय कुठे आलं?” मॅडम विचारतात. “प्रयोगशाळांनी एकमेकांचं ऐकलं नाही, हा दोष प्रयोगशाळांचा.”

“कोणत्या विषाणूने कोणता पक्षी मरतो, हे पशुवैद्यकाच्या साहित्यात आधीपासून होतं ना? मेंदूज्वराचं निदान करणाऱ्या डॉक्टरच्या टेबलावर ते आलं नाही. टेबलावर आणून ठेवणं हे कोणाचं काम?”

मॅडम यावर गप्प राहत नाहीत. “माझ्या रुग्णालयात डॉक्टर माझ्याकडे येतो तो परीक्षेच्या किंवा प्रबंधाच्या वेळी. साथीच्या वेळी तो वॉर्डात असतो.”

याच अडचणीवर क्लिनिकल ग्रंथपालाची कल्पना निघाली. १९७१ मध्ये मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत गर्ट्रूड लँब यांनी ग्रंथपालाला राउंडवर पाठवायला सुरुवात केली. डॉक्टर खाटेपाशी जो प्रश्न विचारतात तो तिथेच ऐकायचा आणि उत्तर शोधून आणायचे, ही पद्धत. बॉस्टनला भरलेला चौथा मेळावा याच ग्रंथपालांचा होता. आपल्याकडच्या सार्वजनिक रुग्णालयांत, जिथे बाह्यरुग्ण विभागाची रांग फाटकाबाहेर जाते, तिथे ही पद्धत जशीच्या तशी चालेल असे कोणी म्हणणार नाही. तरी दर आठवड्याच्या एखाद्या केस-चर्चेत ग्रंथपालाने बसणे अशक्य नाही. मॅडमना हा एक मुद्दा आवडतो. पण तोही त्यांनी वाचून घेतलेला आहे.

इथून पुढे वाद महाराष्ट्रात येतो, आणि मॅडमचा सर्वांत वजनदार मुद्दा समोर येतो. “परळला जा, सर. बाँबे व्हेटरनरी कॉलेज १८८६ पासून तिथे आहे. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ मध्ये तिथेच आली. के.ई.एम. आणि गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ पासून तिथेच. गुरं, माणसं आणि साथीचे रोग, तिघांचीही पुस्तकं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तो रस्ता ओलांडायला पासपोर्ट लागत नाही. किती जण ओलांडतात?”

सर मान्य करतात की फारसे नाहीत. कारणे व्यवस्थेत आहेत. वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली, पशुवैद्यक महाविद्यालये नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. पहिले १९९८ चे, दुसरे २००० चे. इलेक्ट्रॉनिक नियतकालिकेही दोन दरवाजांनी येत राहिली. वैद्यकीय बाजूला राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा एर्मेड हा संघ आणि कृषी-पशुवैद्यक बाजूला सेरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये आणि तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके. त्यामुळे सरकारी संस्थांपुरती लेख हाती येण्यातली दरी बरीच बुजण्यासारखी आहे. मात्र लेख मिळणे आणि लेख आहे हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी अजूनही माणूसच लागतो.

“रस्ता समोर आहे, पण तो ओलांडायला कोणी निमित्त देत नाही,” सर म्हणतात. “बॉस्टनला ते निमित्त कार्यक्रमपत्रिकेतच छापलं होतं. तिथे वैद्यकीय आणि पशुवैद्यक ग्रंथपाल एकाच सत्रात बसतात, कारण तसंच बसवलेलं असतं. परळला बसवणारं कोणी नाही.”

“मग बसवा,” मॅडम म्हणतात, आणि हे त्या मनापासून म्हणतात.

सरांना यासाठी विषय शोधावा लागत नाही. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला माकडताप. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि मागोमाग माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे पुढच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, विषाणू ओळखला. तो गोचिडीतून पसरतो. पुढे हा आजार गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. काजूच्या बागांत आणि जंगलात जाणारी माणसे आजारी पडली. मेलेले माकड दिसल्याची खबर इथे पहिला इशारा असते, आणि ती आधी वनखात्याकडे किंवा पशुवैद्यकाकडे जाते. तापाचा रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्रात.

या आजारावर सगळे साहित्य जमवायचे, तर काम कसे करावे लागेल? सर ते सांगतात, आणि या भागात त्यांचा आवेश जाऊन कसब दिसते. पहिले अहवाल १९५७ चे, भारतीय नियतकालिकांतले; तेव्हा जुन्या काळापर्यंत मागे गेल्याशिवाय भागत नाही. वानराचे शास्त्रीय नाव तेव्हा प्रेस्बायटिस होते, आता सेम्नोपिथेकस आहे. दोन्ही नावांनी शोधायचे. लाल तोंडाच्या माकडाचे वेगळे. गोचीड हिमाफायसॅलिस या वंशातली, आणि तिच्यावरचे काम कीटकशास्त्राच्या आणि पशुपरजीवीशास्त्राच्या लेखांत. मग पबमेड, कॅब ॲबस्ट्रॅक्ट्स, आणि त्याखेरीज वनखात्याचे व राज्यांच्या आरोग्य विभागांचे अहवाल, जे कुठल्याच डेटाबेसमध्ये नाहीत. शोधाची प्रत्येक ओळ लिहून ठेवायची, म्हणजे दुसऱ्याला ती पुन्हा चालवता येते. पद्धतशीर आढाव्यांत शोध कसा नोंदवायचा याचे नियम २०२१ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आहेत. ते नियम हातात घेऊन एखादा शोध दुसऱ्या देशातल्या ग्रंथपालाकडून तपासून घेणे, हे आता या व्यवसायाचे नेहमीचे काम झाले आहे.

“तपासून घ्यायला ओळख लागते,” सर म्हणतात. “ओळख नसलेल्या माणसाच्या शोधाला कोण दोन दिवस देतं? परिषदेत पोस्टरपुढे उभं राहून एकदा बोललं, की पुढची पाच वर्षं मेलला उत्तर येतं. जुन्या खंडातला लेख मागितला तर स्कॅन करून मिळतो.”

परदेशवारीचे हे समर्थन टिकणारे आहे, कारण यात व्याख्यानांना दुय्यम स्थान आहे. या संघटनांचा जन्मही अशाच देवाणघेवाणीतून झाला. १८९८ मध्ये फिलाडेल्फियात चार ग्रंथपाल आणि चार डॉक्टर एकत्र आले आणि वैद्यकीय ग्रंथपालांची संघटना स्थापन झाली. तिचे सुरुवातीचे महत्त्वाचे काम म्हणजे ग्रंथालयांतल्या जादा प्रती एकमेकांना देणे. विल्यम ऑस्लरसारखा नामांकित वैद्य १९०१ ते १९०४ या काळात तिचा अध्यक्ष होता. भेटीतून ओळख, ओळखीतून देवाणघेवाण, हा क्रम शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही.

मॅडम आता दुसरीकडून येतात. २०२० मध्ये युरोपीय संघटनेची परिषद पोलंडमधल्या वूच शहरात भरायची होती. साथीमुळे ती ऑनलाइन घ्यावी लागली. परिषद पार पडली, कोणी विमानात बसले नाही. त्या संघटनेचे सदस्यत्वही विनाशुल्क आहे. “आणि वेळेचं बघा,” त्या म्हणतात. “उन्हाळ्यात मध्य युरोपात सकाळी नऊला सत्र सुरू होतं तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात. बॉस्टनला नऊ, तर इकडे संध्याकाळचे साडेसहा. खुर्चीवरून न उठता दोन्ही ऐकता येतात. ग्रंथालयातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना ऐकता येतात, एकालाच नाही.”

सरांकडे याला पुरते उत्तर नाही, आणि असण्याचे कारणही नाही. व्याख्यान ऐकण्यासाठी ऑनलाइन मार्गच बरा, हे खरे आहे. तो मार्ग कमी पडतो तो दोन ठिकाणी: हाताने करून पाहायच्या कार्यशाळेत, आणि कागदावर न येणाऱ्या बोलण्यात. त्या बोलण्यातला मोठा भाग पैशांचा असतो. मोठ्या प्रकाशकांच्या नियतकालिक-संचांची किंमत ग्रंथालयागणिक वेगळी असते आणि करारांत ती गुप्त ठेवण्याची अट अनेकदा घातलेली असते. अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी माहितीच्या अधिकाराखाली हे करार मागवले, तेव्हा साधारण सारख्या विद्यापीठांनी एकाच संचासाठी फार वेगवेगळ्या रकमा मोजल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या अटी मागता येतात हेच माहीत नसते, त्या कोणी मागत नाही. दुसऱ्या देशातल्या ग्रंथपालाने कुठली अट काढून घेतली, हे जेवणाच्या टेबलावर कळते.

“ते जेवण त्याच प्रकाशकाने दिलेलं असतं,” मॅडम सुनावतात. प्रदर्शनाच्या दालनातले गाळे, संगणक प्रणाल्यांची प्रात्यक्षिके, भेटीच्या पिशव्या, प्रायोजित सत्रे यांच्यावर परिषदेचा बराच खर्च निघतो. विकणाऱ्याच्या पैशावर घेणाऱ्यांनी जमायचे, यातला ताण दोन्ही बाजूंना कबूल आहे. त्यावर उपाय एकच: जाणाऱ्याचा खर्च त्याच्या संस्थेने किंवा व्यावसायिक संघटनेने करावा, विक्रेत्याने कदापि नाही. मेडिकल लायब्ररी असोसिएशनची कनिंगहॅम स्मृती शिष्यवृत्ती अमेरिका-कॅनडाबाहेरच्या आरोग्य-ग्रंथपालांसाठी आहे. तशी मदत मिळवण्याचा प्रयत्न आधी व्हावा.

पाठवायचे कोणाला, यावर मात्र दोघांचे चटकन जुळते. आजवरची रीत मॅडमना अधिक संतापजनक वाटते, कारण ती त्यांनी जवळून पाहिली आहे. ज्येष्ठतेने नाव पुढे जाते. निवृत्तीला वर्ष राहिलेला माणूस जातो, येताना प्रमाणपत्र आणतो, आणि त्याने पाहिलेले त्याच्याबरोबर निवृत्त होते. कोणी केवळ बढतीच्या गुणांसाठी निबंध वाचतो आणि उरलेले दिवस शहर पाहतो. सरांनाही हे मान्य आहे. नोकरीची किमान दहा वर्षे उरलेला, हातात एखादे अर्धे झालेले काम असलेला आणि परत आल्यावर शिकवण्याची लेखी हमी देणारा माणूस जावा, इथपर्यंत दोघे येतात. सर आणखी एक अट जोडतात: शक्यतो दोघांनी मिळून अर्ज करावा, एक वैद्यकीय बाजूचा आणि एक पशुवैद्यक बाजूचा, एकाच पोस्टरसाठी.

“दोघं म्हणजे खर्च दुप्पट.”

“काम एकट्याचं नाही, मॅडम. माकडतापाचा शोध मी एकट्याने केला, तर तुमच्या बाजूचं अर्धं सुटेल. तुम्ही एकट्याने केलात, तर माझ्या बाजूचं.”

या ठिकाणी मॅडम आपला खरा पर्याय मांडतात. परिषद आपल्याकडे आणावी. वैद्यकीय ग्रंथपालनाची सहावी आंतरराष्ट्रीय काँग्रेस १९९० मध्ये नवी दिल्लीला भरली होती. मुंबईचा, नागपूरचा, पणजीचा ग्रंथपाल त्या वेळी रेल्वेने जाऊ शकत होता, आणि एकाऐवजी पाच जण जाऊ शकत होते. त्यानंतर डब्लिनपर्यंतच्या सहा काँग्रेसपैकी एकही आशियात भरली नाही. “परदेशात जाऊन बसण्यापेक्षा पुढची कुठे व्हावी हे ठरवणाऱ्या टेबलावर आपला माणूस असायला हवा,” असे त्या म्हणतात. सरांना हसू येते, कारण त्या टेबलावर बसायचे तर आधी तिथवर जावे लागते, आणि हे मॅडमच्याही लक्षात येते. तरी मागणी रास्त आहे, आणि जाणाऱ्यांनी ती बरोबर न्यावी इतकी महत्त्वाची आहे.

पैशावरचा मतभेद मात्र मिटत नाही. मॅडमचा हिशेब असा: एका परदेशवारीच्या खर्चात राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय आणि पशुवैद्यक ग्रंथपालांना तीन दिवस परळला बोलावता येईल, राहण्याजेवण्यासह. सर विचारतात, त्यांना शिकवणार कोण? “तुम्ही,” मॅडम म्हणतात. “पबमेडचं मी शिकवीन, कॅबचं तुम्ही शिकवा.” सर म्हणतात की पद्धतशीर आढाव्याचा शोध तपासायला ते स्वतः अजून शिकलेले नाहीत, ते शिकायलाच जायचे आहे. मॅडमच्या मते आधी परळ, मग परदेश. सरांच्या मते दोन्हींची तयारी एकदम सुरू करावी, कारण परदेशाच्या तयारीलाच वर्ष लागते.

आणि ते लागतेच. गोषवारा परिषदेच्या कित्येक महिने आधी पाठवावा लागतो. तो स्वीकारल्याचे पत्र आल्याशिवाय महाविद्यालयातून विद्यापीठाकडे फाईल सरकत नाही. सरकारी कर्मचाऱ्याला परदेशी जाण्याची पूर्वपरवानगी आणि ना हरकत प्रमाणपत्र लागते. व्हिसाची मुलाखत त्यानंतर, आणि अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच काही वेळा महिने जातात. युरोपातही एका व्हिसावर सगळीकडे फिरता येईल असे नाही. आयर्लंड शेंगेन क्षेत्रात नसल्याने डब्लिनच्या काँग्रेससाठी वेगळा व्हिसा काढावा लागला. म्हणून गोषवाऱ्याचा विषय आधी ठरवावा लागतो, आणि तो ठरवायला शोधाचे पहिले निकाल हातात असावे लागतात. त्यासाठी दोघांनी एक दिवस ठरवला आहे. मॅडमच्या ग्रंथालयात पबमेड आणि सरांच्या ग्रंथालयात कॅब ॲबस्ट्रॅक्ट्स, दोन्हीकडे माकडतापावरच्या १९५७ पासूनच्या नोंदी काढायच्या, आणि किती लेख दोन्हींत आहेत व किती एकातच, हे मोजायचे.